खाऱ्या पाण्याची ताटी

"पाणी!" मी आतून ओरडलो, आणि बाहेरून जबाब आला, "जी सायेब."

अर्धवट झोपेत होतो असं म्हणून मला सुटता आलं असतं, पण मी टक्क जागा होतो. मे महिन्यातली दुपार, दोनचा सुमार. खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी सुकत आली होती, तिच्यातून येणारा वारा कोमट लागत होता, आणि दर दहा मिनिटांनी बाहेरून तिच्यावर डब्यानं पाणी मारणारा माणूस मागं पडला होता, म्हणून मी ओरडलो. तो माणूस म्हणजे माझा बाप. रोज मी "बा, पाणी" म्हणायचो आणि तो "हाव" म्हणायचा. आज माझ्या तोंडून 'बा' गळलं आणि त्याच्या तोंडून 'हाव'. त्यात थट्टा नव्हती. थट्टा असती तर मी हसून कूस बदलली असती. आवाज सरळ होता, कमरेत लवलेला होता, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला होता, आणि तो मी ओळखत होतो. लगेच सपकन पाणी पडलं. ताटी काळी झाली, वाळ्याचा वास खोलीभर पसरला आणि माझ्या उघड्या पोटावरून गार झुळूक गेली. लाज वाटायच्या आधी मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर माझं सगळं याच क्रमानं झालेलं आहे.

आतल्या खोलीत डाळ निवडणारी सिंधू थांबली. तिनंही ऐकलं होतं. दारात येऊन ती म्हणाली, "मामाजी काय म्हणले हो?" सासऱ्याला ती मामाजी म्हणते.

"काही नाही."

"डॉक्टरनं सांगतलं होतं ना, म्हाताऱ्याले उन्हात काढू नका म्हणून. पडले त्याले आठ रोज बी झाले नाहीत."

"मी सांगितलं त्याला. ऐकत नाही तो."

"केव्हा सांगतलं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता परत जाऊन बसली. माझी बायको भांडत नाही. ती असं एखादं वाक्य टाकते आणि डाळ निवडायला लागते.

एकदा सांगितलं होतं मी. एकदाच. गेल्या गुरुवारी तो बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी आडवा झाला, डोळे फिरलेले, अंग तव्यासारखं, घाम नाही. सिंधूनं आणि मी त्याला ओसरीवर ओढला, कांदा फोडून नाकाला लावला, ओली धोतरं गुंडाळली. डॉक्टर म्हणाला, "यावेळी वाचला. पुढच्या वेळी मला बोलावू नका, चौघांना बोलवा." दोन दिवस ताटी कोरडी राहिली. त्या दोन दिवसांत मी माझ्या नव्या घरात भाजून निघालो. तिसऱ्या दिवशी त्यानं मीठ धरलेला वाळा काढून नवा भरला, आणि अकराच्या सुमाराला बाहेर पाण्याचा सपकारा ऐकू आला. मी आतून म्हटलं, "बा, राहू दे ना आता." तो म्हणाला, "तू झोप." आणि मी झोपलो. तो ऐकत नाही याचं मला बरं वाटलं. ऐकला असता तर माझी पंचाईत झाली असती.

घर पक्कं पाहिजे, हा माझा हट्ट होता. नांदुऱ्यात रेल्वेलाईनीपलीकडं प्लॉट पडले, तेव्हा आमच्या जातीच्या माणसाला पहिल्या ओळीत जागा मिळाली याचाच मला इतका ताठा चढला, की मातीचा एक गोळाही मी बांधकामावर येऊ दिला नाही. माती म्हणजे वस्ती. माती म्हणजे गावकुसाबाहेरचं ते वाकून आत शिरायचं घर. मला सिमेंट पाहिजे होतं, वर सपाट स्लॅब पाहिजे होता, आणि बाहेर पाटीवर 'शंकर कचरूजी' असं बापाच्या नावाला 'जी' लावून पाहिजे होतं. बाप बांधकामावर यायचा, विटांवर बसून बिडी ओढायचा आणि म्हणायचा, "अरे, हे काय बांधून राह्यला बे? हा तं तवा होय. उन्हाळ्यात वरून भाजन आन् हिवाळ्यात खालून थंडी मारन. खोली पश्चिमेले काढली, तिकडून तं लाहीच येते." मी म्हणायचो, "तुले काय समजते घरातलं?" मास्तर झाल्यापासून मी घरातही पुस्तकी बोलतो. पण बापाला झिडकारायचं असलं की माझी जुनी भाषा आपोआप जिभेवर येते.

त्याला सगळं समजत होतं. जन्मात कधी कुणाच्या घराच्या आत न गेलेल्या त्या माणसाला घर कसं राखावं हे माझ्याहून जास्त समजत होतं. पहिल्या हिवाळ्यात मी तांब्याचा बंब आणला. आंघोळीला बंबाचं पाणी घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिला. सिंधूनं हौसेनं आधी जाळ केला आणि मग पाणी आणायला गेली. आमच्याकडं चूल आधी पेटवायची आणि मग भांडं चढवायचं, एवढंच तिला माहीत. कोरडा बंब तापला, सांध्याचा डाक वितळला, बुडाशी चीर पडली आणि नंतर ओतलेलं पाणी जाळावर सांडून न्हाणीघर धुरानं भरलं. बाप दारात उभा राहून खोखो हसला. "आंधी पाणी, मंग इस्तो. पाणी गयापर्यंत आल्याबिगर काडी लावाची नाही. राख रोज काढाची, चिंचेनं आतून घासाचा, नाही तं थर बसते. डाकबंगल्यावर मी चारशे बंब पेटोले असतीन, आंघोळ एकाची बी नाही केली." मला त्याचं हसू सहन झालं नाही. फुटका बंब मी माळ्यावर टाकला. तो अजून तिथंच आहे.

मग उन्हाळा आला आणि स्लॅबनं आपला गुण दाखवला. सकाळी दहालाच छत तापायचं. भिंतीला हात लावला तर चटका. आमच्या ओळीत वीज आली नव्हती. तेव्हा मीच बापाला म्हटलं, "बा, त्या डाकबंगल्यावर तू ताट्या लावायचास ना, तशी एक करून देशील?" तो इतका खूश झाला की मला त्याची किळस आली. धामणगाव बढ्याच्या बाजारातून त्यानं वाळा आणला, बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत तो दाबून विणला, रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी खिडकीला बाहेरून अडकवला. आमच्या भागातलं पाणी खारं. त्याचं त्यानं मला धडा दिल्यासारखं सांगितलं, "गोड्या पाण्याची ताटी वाळली तं चालते. खाऱ्या पाण्याची वाळू द्याची नाही. एकडाव वाळली का मीठ धरते, मीठ धरलं का वारा घेत नाही, मंग ताटी मेली समज. अकरा ते पाच माणूस उभा पाह्यजे, रातभर वरून ओलं पोतं पाह्यजे." माणूस कोण, हे त्यानं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

आणि काल आमचे हेडमास्तर आले. अर्जुनराव. भला माणूस म्हणतात त्यांना. माझं नवं घर पाहायला आले, तेही भरदुपारी, कारण संध्याकाळी आले असते तर चार लोकांनी पाहिलं असतं. आत शिरले आणि थबकलेच. "वा! शंकरराव, वा! काय गारवा आहे हो! सायबाच्या बंगल्यात आल्यासारखं वाटतं." ते खुर्चीत टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटून घेतले. सिंधूनं पाणी आणलं, चहा आणला. "नको नको, आज उपास आहे माझा," ते म्हणाले. बुधवार होता. पेला तसाच राहिला. बाहेरून पाणी पडलं आणि त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "माणूस कुठून मिळाला हो? आजकाल इतकं टिकून काम करणारे मिळत नाहीत."

मी म्हणालो, "आहे एक म्हातारा. जुना, सवयीचा आहे."

ताटीला कान असतात असं नाही. ताटी म्हणजे कानच. विणलेली मुळं, मध्ये भोकं भोकं. तिच्याआड उभ्या माणसाला आतला श्वाससुद्धा ऐकू येतो. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी ते बोललो. बाहेर पाणी मारणारा हात थांबला नाही. पुढचा सपकारा वेळेवर पडला. अर्जुनराव अर्धा तास बसले, माझा वारा खाल्ला, माझं पाणी न पिता गेले. दारात म्हणाले, "म्हाताऱ्याला सांभाळा. असे लोक आता मिळायचे नाहीत."

वारा चालतो. वाऱ्याचं कुणाला वावडं नसतं. डाकबंगल्यावरही हा प्रश्न निघाला होता, बापच सांगायचा. कुणीतरी देशी अंमलदार सहकुटुंब उतरला. बाईनं हरकत घेतली, की या ताटीवाल्याच्या हातचं पाणी, त्याच्यातून आलेला वारा, तो आपल्या अंगावर. अंमलदार हसून म्हणाला, वाऱ्याला विटाळ नाही. पण पाणी मात्र पिंपात माळ्यानं ओतायचं, बापानं पिंपाला शिवायचं नाही, कळकाच्या लांब दांडीला बांधलेल्या डब्यानं बुडवून मारायचं. हे सांगताना बाप त्या अंमलदाराला चांगला माणूस म्हणायचा. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी धर्म सोडला, देव्हारे नदीत टाकले, बाप तर सर्वांत पुढं होता. पण त्या अंमलदाराला तो चांगला म्हणायचं सोडेना.

मी सात वर्षांचा असेन. पिंपळगाव राजाच्या अलीकडं आमचं गाव, तिथून सडकेनं मी बापाची भाकर घेऊन डाकबंगल्यावर जायचो. बंगल्याची मागची बाजू, पिंप, त्याच्याजवळ डोक्याला ओलं फडकं बांधून उभा बाप, आणि ती उंच ओली ताटी. तिच्यातून पाणी ठिबकायचं आणि खालच्या मातीत वाळ्याचा वास मुरायचा. मी नाक लावून हुंगायचो. बाहेरून ताटी गरमच असते. उन्हात उभी असते ती. गारवा सगळा आत जातो. हे माझ्या सात वर्षांच्या डोक्यात शिरत नव्हतं. एवढं पाणी, एवढा वास, आणि गार काहीच नाही. बाप भाकर खात होता. मी मुळांमध्ये एक फट पाहिली आणि उजव्या हाताचं हे बोट, अंगठ्याजवळचं, आत घातलं. पेरभर गेलं. दुसरं पेर गेलं. आणि बोटाच्या टोकाला गार लागलं. देवाशपथ सांगतो, देव सोडला तरी सांगतो, तसं गार मला पुन्हा कधी लागलं नाही. सगळा मी बाहेर उन्हात आणि एक बोट आत. मी डोळे मिटले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सिगारेटचा वास आला. मग बोटाच्या टोकावर काहीतरी टेकलं आणि तिथंच दाबून धरलं.

मी किंचाळलो. आतून एक आवाज शांतपणे म्हणाला, "ठंडा लगा?" दुसरं कुणीतरी हसलं. बाप भाकर टाकून धावत आला, त्यानं माझं बोट उपसून काढलं, आणि ताटीकडं तोंड करून कमरेत वाकला. आतल्यांना तो दिसत नव्हता, तरी वाकला. "जी सायेब. चूक झाली सायेब. पोट्टं हाय." मग त्यानं मला आत ऐकू जाईल इतक्या जोरात दोन ठेवून दिल्या. घरी मायनं बोट पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "बोरीचा काटा रुतला." मी म्हटलं, "नाही, सायबानं..." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झालो. माय मरेपर्यंत तिच्यासाठी तो काटाच होता. नंतरही कधी मी विषय काढला तर तो म्हणायचा, "काटा होता. तुले काय आठोते? तू लहान होता." हळूहळू मलाच वाटायला लागलं की काटाच असेल. सायब गोरा होता की काळा, हेही मला माहीत नाही. बाहेरून कुणी दिसत नाही. फळ्यावर लिहिताना खडू ज्या बोटावर टेकतो तिथं अजून गोल पांढरा डाग आहे. पोरं विचारतात, मास्तर हे काय? मी सांगतो, काटा.

आणि आज तो आवाज. "जी सायेब." तोच, तसाच वाकलेला. त्यानं काल ऐकलं होतं तर. मी पडून राहिलो. ऊठ, ऊठ, असं स्वतःला म्हणत पडून राहिलो. पुढचा सपकारा यायची वेळ झाली. आला नाही. ताटीचा काळा रंग वरून तपकिरी होत खाली उतरू लागला. पडला असेल का? हे मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी त्याच्या टाचेला टाच लावून, दुसरं आलं. पडला असेल तर सुटलो. तो प्रश्न सुटेल, हेडमास्तर सुटेल, बोट सुटेल. आणि वर हेही आलं की मग उद्यापासून पाणी कोण मारणार. मी माणूस म्हणून काय आहे ते त्या खाटेवर, त्या गारव्यात मला नीट दिसलं. मग उठलो. धैर्यानं उठलो नाही. वारा गरम झाला म्हणून उठलो.

बाहेर उन्हाची थप्पड बसली. बाप पडला नव्हता. पिंपाच्या काठाला धरून उभा होता, ओठ पांढरे, दंडावर मिठाच्या रेघा.

"बा, आत चल."

"काऊन? पावणे आले का कोणी?"

"तू चल. पाणी मी मारतो."

"तुले येत नाही."

"शिकव मंग. पण आत जाऊन पड. मरशीन इथं."

"मरन तं मरन. जुना आहो, सवयीचा आहो." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. डबा बुडवला, पण हात वर येईना. डबा पिंपातच राहिला.

मी त्याचा दंड धरला. तो झटकायला गेला आणि त्याला झटकता आलं नाही. दाराशी येऊन तो थांबला. घर होऊन वर्ष झालं होतं, तो ओसरीवर झोपायचा, ओसरीवर जेवायचा. दुपारचा तो माझ्या खोलीत कधी आला नव्हता. मीही कधी बोलावलं नव्हतं. सिंधू मात्र म्हणायची. आता तिनं पुढं होऊन त्याच्या पायांवर पाणी ओतलं. "या मामाजी." त्यानं पाय पुसले, माझ्या खाटेच्या कडेला टेकला, मग हळूच आडवा झाला. छताकडं पाहत म्हणाला, "वरून मार. खालून मारलं तं मधात कोरडी राह्यते. आडवा हात फिरोजो. आन् वाट पाहू नको काळी सुकाची. तपकिरी दिसली का मार."

मी बाहेर गेलो. पहिला डबा अर्धा माझ्याच अंगावर आला. दुसरा भिंतीवर गेला. तिसरा बसला. पाचव्या डब्याला खांदा भरून आला. दहाव्याला कानात शिट्टी वाजायला लागली. पिंपातलं पाणीही कढत होतं. मी तोंडावर मारून घेतलं तर डोळ्यांत मीठ झोंबलं. ताटी माझ्या नाकासमोर, ओली, वासानं गच्च भरलेली, आणि तिच्यातून माझ्याकडं काहीच येत नव्हतं. अकरा ते पाच. अकरा ते पाच हा माणूस इथं उभा होता आणि मी तिथं पोट उघडं टाकून पडलो होतो. मी डबा ठेवून गुडघ्यांवर हात टेकले. किती वेळ गेला कोण जाणे.

"पाणी!"

आतून. दणदणीत. मी दचकलो. तो माझ्या बापाचा आवाज नव्हता, निदान मी कधी ऐकलेला नव्हता. त्यात वऱ्हाडाचं काही नव्हतं. "पानी मारो बे! सो गया क्या, हरामखोर?"

सिंधू आत "मामाजी!" असं काहीतरी म्हणाली. तो हसला नाही. मी डबा भरून मारला. जरा वेळानं परत, "पानी!" मी मारला. चौथ्यांदा, पाचव्यांदा. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. शिव्या येत होत्या, माझ्या मायच्या नावानं, म्हणजे त्याच्या बायकोच्या नावानं, आणि त्या त्यानं जशा ऐकल्या होत्या तशाच्या तशा येत होत्या, एक शब्द इकडचा तिकडं न होता. तीस वर्षं त्यानं त्या सांभाळून ठेवल्या होत्या. कुठं ठेवाव्या माणसानं इतक्या शिव्या?

मग शिव्या थांबल्या. खाट करकरली. बिडीचा वास आला.

ताटीत माझ्या छातीच्या उंचीवर एक फट होती. त्यानंच विणलेली ताटी, तरी फट होती. मी डाग असलेलं बोट तिच्यात घातलं. का घातलं ते विचारू नका. पेरभर गेलं, दुसरं पेर गेलं, आणि टोकाला गार लागलं. तेवढंच गार. मुळांमधून एक लाल ठिपका दिसला. तो जवळ येत होता, सावकाश, थांबत थांबत, जसा एखादा म्हातारा खाटेवरून उठून भिंतीला धरून चालत येतो. मला बोट काढून घ्यायला भरपूर वेळ होता. तो मुद्दाम तेवढा वेळ देत होता.

मी काढलं नाही.

बरोबर डागावर टेकलं. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, फुटका, घरघरता. त्याला जागा पक्की माहीत होती.

"ठंडा लगा?" बाप म्हणाला.

ताटीचा वरचा भाग तपकिरी दिसायला लागला होता. मी कमरेत वाकलो.

"जी सायेब," म्हणालो, आणि डबा बुडवला.